बायबलमधल्या एका शब्दाचा अर्थ कसा शोधावा: नव्या वाचकांसाठी पद्धत

बायबल वाचताना एखाद्या शब्दापाशी अडखळायला झाले की बहुतेक वाचक दोनपैकी एक वाट धरतात. एक तर मराठी शब्दाचा रोजचा अर्थ घेऊन पुढे जातात, नाही तर कुठेतरी ऐकलेला ‘मूळ भाषेतला खरा अर्थ’ त्या वचनावर चिकटवतात. दोन्ही वाटांनी वचन काय म्हणते ते हातून निसटू शकते. इब्री किंवा ग्रीक येत नसतानाही एका शब्दाचा प्रामाणिक तपास करता येतो. त्याला साधारण दोन तास, एक वही आणि थोडा धीर लागतो.

आधी एवढे माहीत हवे

जुना करार मुख्यतः इब्री भाषेत आहे. त्यातला थोडा भाग अरामी आहे: दानीएल २:४ पासून ७ व्या अध्यायाच्या शेवटापर्यंत, एज्रा ४:८ ते ६:१८ आणि ७:१२–२६, यिर्मया १०:११ हे एक वचन, आणि उत्पत्ती ३१:४७ मधले दोन शब्द. नवा करार त्या काळच्या बोलीभाषेच्या जवळच्या ग्रीकमध्ये लिहिला आहे. या दोन करारांना जोडणारा पूल म्हणजे सेप्टुआजिंट, म्हणजे इब्री शास्त्राचे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत झालेले ग्रीक भाषांतर. नव्या करारातले लेखक जुन्या करारातली वचने देताना पुष्कळदा याच भाषांतराचे शब्द वापरतात. त्याची गरज पुढे पडेल.

साधने म्हणून दोन मराठी भाषांतरे घ्या. एक मुळाच्या शब्दांना धरून चालणारे, दुसरे सोप्या बोलभाषेतले. दोन्ही एकाच ढंगाची असतील तर फारसा उपयोग नाही. याशिवाय मूळ शब्द ओळीखाली दाखवणारे एखादे संकेतस्थळ लागेल. स्टेप बायबल, ब्लू लेटर बायबल, बायबल हब ही तिन्ही विनामूल्य आहेत. त्यांचा पडदा इंग्रजीत असला तरी लागणाऱ्या खुणा थोड्याच आहेत आणि एकदा ओळखीच्या झाल्या की अडत नाही.

पहिली पायरी: शब्द निवडणे

प्रत्येक शब्दाचा तपास करायला बसू नका. चार प्रकारचे शब्द निवडण्याजोगे असतात: एकाच उताऱ्यात पुन्हा पुन्हा येणारा, ज्याच्यावर सगळा युक्तिवाद उभा आहे तो, ज्याच्याबाबत तुमच्या दोन भाषांतरांचे जमत नाही तो, आणि त्या जागी विचित्र वाटणारा. छोटे शब्दही यात बसतात. रोमकरांस पत्र १२:१ मधल्या ‘म्हणून’ या शब्दात आधीच्या अकरा अध्यायांचा भार आहे.

दुसरी पायरी: कोश उघडण्यापूर्वी उतारा वाचणे

ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात, आणि सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. शब्द ज्या वचनात आहे त्याच्या आधीची आणि नंतरची पंधरा-वीस वचने तीनदा वाचा. कथा असेल तर सगळा प्रसंग, पत्र असेल तर सगळा मुद्दा. मग वहीत तीन गोष्टी लिहा: हा शब्द कोण कोणाला उद्देशून वापरतो, त्याच्या जोडीला किंवा विरोधात कोणता शब्द येतो, आणि तुमच्या अंदाजाने इथे त्याचा अर्थ काय. अंदाज लिहून ठेवलाच पाहिजे. कोशात आठ अर्थ दिसले की त्यांतला सर्वांत आकर्षक उचलावासा वाटतो. लिहिलेला अंदाज त्या वेळी आवर घालतो.

उताराच अर्थ सांगतो म्हणजे काय, याचा चांगला नमुना लूक ३ मध्ये आहे. बाप्तिस्मा करणारा योहान ‘पश्चात्ताप’ सांगतो. मराठीत या शब्दात केल्या गोष्टीबद्दल वाटणारी हळहळ आधी ऐकू येते. पण वचने १० ते १४ पाहा. लोक विचारतात, आम्ही काय करावे? उत्तर येते: दोन अंगरखे असतील त्याने नसलेल्याला एक द्यावा, जकातदारांनी ठरलेल्याहून जास्त घेऊ नये, शिपायांनी कोणाला धाकदपटशा दाखवून पैसे काढू नयेत. इथे पश्चात्तापाचा अर्थ वागण्याची दिशा बदलणे असा आहे, आणि तो कोश न उघडता हाती येतो. मत्तय २७:३ मध्ये यहूदा पस्तावतो, तिथे मूळ ग्रीक क्रियापद वेगळेच आहे. दोन शब्द वेगळे असल्याचे पुढच्या पायरीत कळते, पण फरक जाणवायला हवा तो वाचनातच.

तिसरी पायरी: मूळ शब्द शोधणे

संकेतस्थळावर तेच पुस्तक, अध्याय आणि वचन काढा. प्रत्येक शब्दाशेजारी एक क्रमांक दिसेल. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या शब्दसूचीतले हे क्रमांक आहेत. जुन्या करारातल्या शब्दांना १ ते ८६७४ आणि ग्रीक शब्दांना १ ते ५६२४ असे क्रमांक दिलेले आहेत. इब्री क्रमांकाआधी ‘एच’ आणि ग्रीकआधी ‘जी’ लावतात. क्रमांक वहीत उतरवा, कारण पुढचा शोध त्याच्यावरच चालतो.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला वचनांच्या क्रमांकाचा. इब्री प्रतीत पुष्कळ स्तोत्रांचे शीर्षकही वचन म्हणून मोजले जाते. त्यामुळे आपल्याकडचे स्तोत्र ५१:१ तिथे ५१:३ असते. योएल २:२८–३२ तिथे तिसऱ्या अध्यायात जाते, आणि मलाखीचा चौथा अध्याय तिसऱ्यातच मोजला जातो. सेप्टुआजिंटमध्ये बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे असतो: आपले २३ वे तिथे २२ वे. शब्द सापडत नाही असे वाटले तर आधी हे तपासा.

दुसरा खड्डा खोल आहे. एका मराठी शब्दामागे नेहमी एकच मूळ शब्द असतो असे नाही, आणि एका मूळ शब्दाला मराठीत अनेक शब्द लागतात. यहेज्केल ३७ मध्ये श्वास, वारा आणि आत्मा हे तिन्ही इब्रीत ‘रूआह’ या एकाच शब्दाने येतात. हाडांच्या खोऱ्याचे सगळे दृश्य त्या एका शब्दावर उभे आहे, पण मराठीत तो तीन ठिकाणी फुटतो. योहान ३:८ मध्येही वारा आणि आत्मा यांसाठी ‘न्यूमा’ हा एकच ग्रीक शब्द आहे. उलट ‘आत्मा’ किंवा ‘जीव’ या मराठी शब्दामागे कधी रूआह असतो, कधी ‘नेफेश’. नेफेश उत्पत्ती १:२० मध्ये पाण्यातल्या जीवांसाठी वापरला आहे, लेवीय १७:११ मध्ये रक्तात असलेल्या प्राणासाठी, आणि गणना ६:६ मध्ये तर प्रेतासाठी. मराठी वाचकाच्या मनात ‘आत्मा’ म्हटल्यावर देहाहून निराळे, अविनाशी असे काही उभे राहते. नेफेश वाचताना ती कल्पना बाजूला ठेवावी लागते.

‘नरक’ आणि ‘अधोलोक’ यांचेही तसेच. इब्री ‘शेओल’ म्हणजे मेलेल्यांचे ठिकाण. शोकात बुडालेला याकोब, मी तिथेच माझ्या मुलाकडे जाईन, असे म्हणतो (उत्पत्ती ३७:३५). ‘गेहेन्ना’ हा निराळा शब्द. तो यरुशलेमेजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्याच्या नावावरून आला आहे आणि नव्या करारात फक्त १२ वेळा येतो. त्यांतली ११ ठिकाणे शुभवर्तमानांत आहेत, एक याकोब ३:६ मध्ये. दोन्हींची सरमिसळ करून वाचले तर दोन्ही चुकतात.

चौथी पायरी: सगळी ठिकाणे पाहणे

क्रमांकावर टिचकी मारली की तो शब्द जिथे जिथे आला ती यादी उघडते. ५० पेक्षा कमी ठिकाणे असतील तर सगळी वाचा. जास्त असतील तर आतून बाहेर जाणाऱ्या वर्तुळांनी चला: आधी तोच अध्याय, मग तेच पुस्तक, मग तोच लेखक, मग तोच करार, आणि शेवटी बाकीचे. जवळच्या वर्तुळाला जास्त वजन द्या. पौल एखादा शब्द कसा वापरतो हे याकोबाच्या पत्रावरून ठरवू नये.

‘हेसेद’ हा शब्द घेऊन हे करून पाहू. क्रमांक एच २६१७, जुन्या करारात सुमारे २५० वेळा, त्यांतली निम्म्याच्या आसपास ठिकाणे स्तोत्रसंहितेत. स्तोत्र १३६ च्या सव्वीसच्या सव्वीस वचनांत ‘त्याची दया सनातन आहे’ असे ध्रुपद येते. तिथला ‘दया’ म्हणजे हेसेद. भाषांतरांत याच शब्दासाठी कृपा, वात्सल्य, प्रेमदया असेही शब्द सापडतात.

‘दया’ म्हटले की आपल्याला वरच्याने खालच्याला दाखवलेली कणव आठवते. आता ठिकाणे पाहा. यहोशवा २:१२ मध्ये राहाब हेरांना म्हणते, मी तुमच्याशी हेसेद केले, तुम्हीही माझ्या बापाच्या घराण्याशी हेसेद कराल अशी शपथ वाहा. इथे ते दोन्ही बाजूंनी आहे आणि शपथेशी बांधलेले आहे. १ शमुवेल २०:१४–१५ मध्ये शौल राजाचा मुलगा योनाथान दाविदाकडे हेच मागतो: माझ्या घराण्यावरचे तुझे हेसेद कधी तोडू नकोस. योनाथान मेल्यावर, दावीद राजा झाल्यावर, २ शमुवेल ९:१ मध्ये तोच विचारतो, शौलाच्या घराण्यातले कोणी उरले आहे का, म्हणजे मी योनाथानाकरता त्याच्याशी हेसेद करीन. मागणारा आता नाही, साक्षीला कोणी उभे नाही, शब्द पाळायला भाग पाडील असे कोणी नाही. तरीही तो पाळला जातो.

होशेय ६:४ मध्ये देवाची तक्रार अशी की लोकांचे हेसेद सकाळच्या धुक्यासारखे विरून जाते. म्हणजे टिकणे हा या शब्दाचा प्राण आहे, न टिकणारे हेसेद ही तक्रारीचीच गोष्ट. स्तोत्र ८९ मध्ये ते वारंवार ‘विश्वासूपणा’च्या जोडीने येते. इब्री काव्यात जोडीचे शब्द एकमेकांचा अर्थ उजळतात, म्हणून अशा जोड्या वहीत वेगळ्या लिहा.

एवढ्यावर वहीत लिहिता येते: हेसेद म्हणजे नाते किंवा दिलेला शब्द धरून, गरज पडेल तेव्हा, ठामपणे केलेला उपकार. आता स्तोत्र १३६ पुन्हा वाचा. ‘सनातन’ हा शब्द तिथे का येतो ते लख्ख दिसते.

याच यादीत एक फसवे ठिकाणही आहे. लेवीय २०:१७ मध्ये याच अक्षरांचा शब्द ‘लाजिरवाणे कृत्य’ या अर्थाने येतो. लिहायला सारखा, पण अर्थाने दुसराच शब्द. क्रमांक सारखा म्हणून त्याचा अर्थ बाकी २५० ठिकाणी मिसळायचा नाही.

पाचवी पायरी: कोश, आणि त्यातून एकच अर्थ

स्ट्राँगच्या सूचीत दिलेली ओळ म्हणजे कोश नव्हे. ती मुख्यतः इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात तो शब्द कसकसा उतरवला गेला याची यादी आहे. खरा कोश वापरा. इब्रीसाठी ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्स यांचा जुना कोश बहुतेक संकेतस्थळांवर खुला आहे. कोशात अर्थांखाली वचनेही दिलेली असतात. तुमचे वचन कोणत्या अर्थाखाली घातले आहे ते आधी शोधा.

कोश शक्यता देतो, निवड वाक्य करते. ग्रीक ‘कॉसमॉस’ पाहा. योहान ३:१६ मध्ये देव ज्याच्यावर प्रीती करतो ते जग, म्हणजे माणसे. १ योहान २:१५ मध्ये त्याच जगावर प्रीती करू नका असे सांगितले आहे. तिथे देवाविरुद्ध उभी राहिलेली जगण्याची रीत असा अर्थ आहे. आणि १ पेत्र ३:३ मध्ये तोच शब्द केस, सोने आणि वस्त्रे यांच्या शोभेसाठी आला आहे. तिन्ही अर्थ एकत्र करून योहान ३:१६ वर ओतले तर वचन समृद्ध होत नाही, गढूळ होते. एका ठिकाणी एक अर्थ. श्लेष असेल तर लेखक त्याची खूण ठेवतो.

शब्दाचा एकच मराठी प्रतिशब्द धरून बसू नका, हेही इथेच सांगायला हवे. ‘शालोम’ म्हणजे शांती, एवढे पाठ करून २ शमुवेल ११:७ वाचायला घेतले तर गाडी अडते. दावीद उरीयाला यवाबाचे, लोकांचे आणि युद्धाचे ‘शालोम’ विचारतो. युद्धाची शांती कशी विचारणार? तो क्षेमकुशल विचारतो आहे, युद्ध कसे चालले आहे असे.

जिथे हमखास चूक होते

शब्द फोडून अर्थ काढणे ही सर्वांत लोकप्रिय चूक. ‘एक्लेसिया’, म्हणजे मंडळी, हा शब्द ‘बाहेर’ आणि ‘बोलावणे’ यांपासून झाला, म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावलेले लोक, असे सर्रास शिकवले जाते. पण प्रेषितांची कृत्ये १९:३२ मध्ये इफिसच्या नाट्यगृहात जमलेल्या, आपण कशाला आलो हेही ठाऊक नसलेल्या जमावाला हाच शब्द आहे, आणि १९:३९ मध्ये शहराच्या कायदेशीर सभेलाही. लेखकाच्या काळी शब्दाचा अर्थ ‘सभा’ होता. मंडळीचे वेगळेपण ती कोणाची सभा आहे यावरून ठरते. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते, वापर नव्हे.

दुसरी चूक काळाची उलटापालट. रोमकरांस पत्र १:१६ मध्ये ‘ड्युनामिस’, म्हणजे सामर्थ्य, हा ग्रीक शब्द आहे, म्हणून सुवार्ता म्हणजे देवाचा डायनामाइट, असे कानावर येते. डायनामाइट हे नाव आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ साली दिले. पौलाच्या मनात स्फोट असणे शक्यच नाही. तो त्याच वाक्यात म्हणतो की हे सामर्थ्य तारणासाठी आहे.

तिसरी चूक ‘अगापे’ या ग्रीक शब्दाची. अगापे म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रीती आणि ‘फिलिओ’ म्हणजे मानवी मैत्री, ही वाटणी सगळीकडे चालते. पण सेप्टुआजिंटमध्ये अम्नोनाला तामारेबद्दल वाटणाऱ्या वासनेलाही अगापेच म्हटले आहे (२ शमुवेल १३:१५). पौलाला सोडून गेलेल्या देमासाने ‘आताच्या युगावर’ केलेल्या प्रीतीलाही तेच क्रियापद आहे (२ तीमथ्य ४:१०). पित्याची पुत्रावरची प्रीती योहान ३:३५ मध्ये एका क्रियापदाने येते, ५:२० मध्ये दुसऱ्याने. योहान २१:१५–१७ मध्ये दोन्ही आलटून पालटून येतात, आणि त्यात खोल भेद आहे की नाही यावर जाणकारांचे एकमत नाही. त्याच वचनांत कोकरे आणि मेंढरे, चारणे आणि राखणे हेही शब्द बदलत जातात. म्हणून भेद नाही असे मानणारांची बाजू मला बळकट वाटते. प्रीतीची थोरवी शिकायची असेल तर १ करिंथ १३ वाचा. तिथे ती वाक्यांतून उभी केली आहे, एका नामात कोंबलेली नाही.

नव्या करारातला शब्द असेल तर

त्याचा इब्री जोडीदार शोधा. सेप्टुआजिंटमध्ये हेसेदसाठी बहुधा ‘एलेओस’ हा ग्रीक शब्द येतो. मत्तय ९:१३ मध्ये येशू होशेय ६:६ सांगतो, तेव्हा ‘दया’साठी एलेओस आहे आणि त्यामागे हेसेद. लूक १:७२ मध्ये जखऱ्याच्या गीतात एलेओस आणि करार एकाच वाक्यात येतात. हेसेदचा तपास आधी केला असेल तर ती जोडी ओळखीची वाटेल.

वाक्प्रचारांकडेही असेच पाहावे लागते. लूक १४:२६ मध्ये आईबापांचा ‘द्वेष’ करण्याची भाषा आहे आणि ती वाचून नवखे वाचक हादरतात. मत्तय १०:३७ शेजारी ठेवा: माझ्यापेक्षा जास्त प्रीती करणारा. मग उत्पत्ती २९:३०–३१ पाहा. याकोबाने राहेलीवर लेआपेक्षा जास्त प्रीती केली, असे आधी म्हटले आहे आणि लगेच लेआबद्दल मूळ इब्रीत ‘द्वेष’ हाच शब्द येतो. तिथे ‘नावडती’ हा अर्थ बसतो. तुलनेत मागे ठेवण्याची ही इब्री बोलण्याची रीत आहे.

मापे आणि नाणी

इथे सरळ हिशेब करा. मत्तय १८ मधल्या दाखल्यात मूळ रकमा १०,००० टॅलेंट आणि १०० दिनार आहेत. काही भाषांतरांत त्या वाचकाच्या ओळखीच्या चलनात बदललेल्या असतात. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी (मत्तय २०:२), आणि एक टॅलेंट सुमारे ६,००० दिनार. म्हणजे एकाचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, दुसऱ्याचे शंभर दिवसांच्या. हा आकडा मांडल्याशिवाय त्या दाखल्यातला आघात पोचत नाही.

जिथे थांबावे लागते

काही शब्दांचे उत्तर नाही, आणि ते तसेच लिहून ठेवणे योग्य. ‘सेला’ स्तोत्रसंहितेत ७१ वेळा आणि हबक्कूकमध्ये ३ वेळा येतो. अर्थ निश्चित नाही, बहुधा गायन-वादनाची खूण. नोहाच्या तारवाचे ‘गोफेर’ लाकूड उत्पत्ती ६:१४ मध्ये एकदाच येते. प्रभूच्या प्रार्थनेत ‘रोजची’ असे आपण म्हणतो तो ग्रीक शब्द ‘एपिऊसिऑस’ नव्या करारात मत्तय ६:११ आणि लूक ११:३ या दोनच जागी आहे. आजची, उद्याची, जगण्यापुरती असे तिन्ही अर्थ सुचवले गेले आहेत. अशा वेळी दोन-तीन शक्यता लिहा आणि प्रत्येकीने वचन कसे बदलते ते पाहा.

कधी फरक अक्षरांतही असतो. प्राचीन इब्री लिखाणात स्वरांच्या खुणा नव्हत्या, त्या पुष्कळ शतकांनी घातल्या गेल्या. उत्पत्ती ४७:३१ मधली तीच अक्षरे ‘मिट्टा’ वाचली तर पलंग, ‘मट्टे’ वाचली तर काठी. इब्री परंपरेने पलंग वाचले, सेप्टुआजिंटने काठी, आणि इब्री लोकांस पत्र ११:२१ मध्ये काठी आली ती तिथूनच. तळटीपेत ‘काही प्रतींत’ असे दिसले तर ती टीप वगळू नका.

शेवटची कसोटी

तुम्हाला सापडलेला अर्थ एका छोट्या वाक्यांशात लिहा आणि वचनात शब्दाच्या जागी घालून मोठ्याने वाचा. मग त्याच पुस्तकातल्या आणखी तीन-चार वचनांत घालून पाहा. वाक्य अडखळले, किंवा मागच्या-पुढच्या वचनांशी जुळले नाही, तर अर्थात तुमच्या पदरचे काही मिसळले आहे. अशा वेळी दुसऱ्या पायरीवर परत जा, कोशाकडे नको. यानंतर एखादे भाष्य उघडा, आणि त्यात वेगळे काही सांगितले असेल तर आपल्या वहीतल्या वचनांशी ताडून पाहा.

पहिल्या सरावासाठी रूथचे पुस्तक सोयीचे आहे. अध्याय चारच, आणि हेसेद तीनदाच: १:८, २:२० आणि ३:१०. तिन्ही ठिकाणी कोण कोणाशी हेसेद करते ते वहीत लिहा. २:२० मध्ये ते बवाजाचे की परमेश्वराचे, हे इब्री वाक्यरचनेत दोन्हीकडे लागू शकते. तुमच्या दोन भाषांतरांनी काय निवडले आहे ते तिथे शेजारी ठेवून पाहा.